पिवळ्या ज्योतीचा जाणकार

वालूरजवळच्या डाळमिलचं इंजिन पऱ्हाटीच्या गॅसवर चालायचं. कपाशीची वाळलेली झाडं भट्टीत कोंडायची, कमी हवेत ती धुमसायची आणि गॅस निघायचा. इंजिनाला देण्याआधी तो नळीच्या तोंडाशी पेटवून पारखायचा. पारखणारा मी. प्रशिक्षणात ज्योतीचा धडा नेमका जेवणानंतर होता, आणि मी झोपलो होतो.

चांगल्या गॅसची ज्योत फिकट निळी, उन्हात दिसतही नाही. पिवळी, धुरकट ज्योत म्हणजे गॅसमध्ये डांबर, भट्टी अजून तापायची आहे. मला उलटंच वाटायचं. पिवळा लोळ उठला की मी लगेच इंजिनाला जोडायचो. बघणारे ज्योतीला हात जोडत. त्यातला अर्धा नमस्कार मी स्वतःकडे ठेवून घेई.

एका हंगामात डांबरानं इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटले. मालकांनी जाब विचारला. पऱ्हाटी पुरवायच्या आमच्या गल्लीतल्या वहिनी. नवरा ऊसतोडीला जाई, मागं घर त्याच पऱ्हाटीवर चाले. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पऱ्हाटी वली हाय."

वहिनींनी एक काडी उचलून कटकन मोडली. "वली अशी मोडती का, भावजी?"

"वरून वाळली, आतून वली," मी म्हणालो. एवढं शास्त्र मला कुठून सुचलं, देव जाणे.

त्यांची पऱ्हाटी बंद झाली. पुढच्या साली त्याही कोयता घेऊन गेल्या. दरम्यान भट्टीच्या कंपनीचा माणूस येऊन मला निळ्या ज्योतीचं सांगून गेला. मी अशी मान हलवली, जणू त्याचीच परीक्षा घेत होतो. पुढं गप्पच राहिलो.

यंदा वहिनींकडे गेलो. "पऱ्हाटी वाळलेलीच होती. चूक माझी."

"मला तवाच ठाव होतं. ज्यांच्याम्होरं बोललाव, त्यांना सांगा की."

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात उभा राहून सांगितलं. त्या वेळचे दोघंतिघं चहा पीत होते. एकजण गहिवरून म्हणाला, "आबा, लय मोठं मन हाय तुमचं. दुसऱ्याची चूक सोताच्या अंगावर घ्यायलाव!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्यासाठी चहा आला.

बाहेर बसची वाट पाहत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बस आली, गेली. त्या चढल्या नाहीत.

मी चहा बाजूला सारला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. या खेपेला झोपेपासून.