चार नंबरचे दात

आमच्या बाई समोरच्याच्या हिरड्यांकडे बघून बोलत. नवखा माणूस उगाच जीभ फिरवून दाताला मेथी अडकलीय का ते चाचपायचा. बाई मूळच्या दातांच्या डॉक्टर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथं ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागलो. खिडक्यांना जाळ्या, बाहेर शेजारच्या कारखान्याची भिंत, आत पिंजऱ्यांतली कुत्री आणि आम्ही. जास्त कोंडलेलं कोण, हे सांगणं कठीणच होतं.

मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. त्यानं हिरड्यांच्या सुजेचं काय होतं, ते आम्हाला पाहायचं होतं. आधी बाई रोज सगळ्या कुत्र्यांचे दात ब्रशनं घासत. हिरड्या गुलाबी झाल्यावर घासणं बंद झालं आणि निम्म्यांना औषध सुरू झालं. किटण सगळ्यांच्याच दातांवर साचलं, पण औषधवाल्यांच्या हिरड्या फारशा सुजल्या नाहीत.

"झकास! हिरड्या सुधारल्या की बाई," मी म्हटलं.

"सुधारल्या कसल्या! चोर घरातच आहेत रे. पहारेकऱ्यांना झोपवलंय, म्हणून आरडाओरडा नाही."

कुत्र्यांना नाव द्यायचं नाही, हा बाईंचाच नियम. "नाव दिलंस की मेलास," असं त्या बजावत. चार नंबरला औषध चालू होतं. घासणं थांबलं तरी बाई दिसल्या की तो जाळीशी येऊन ओठ वर करायचा. बाई तोंड फिरवून पुढं जात. मला त्यांचा रागच यायचा.

मग चार नंबरच्या पायाला जखम झाली आणि औषधामुळं ती चिघळली. ताप चढला, खाणं सुटलं. औषध थांबवा, असं सांगायला बाई साहेबांकडे गेल्या.

"प्रयोग संपेपर्यंत नाही," साहेब म्हणाले.

"तोवर तो जगणार नाही."

"मग अहवालात तसं लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांदेखत पिंजरा उघडला, चार नंबरचं डोकं मांडीवर घेतलं आणि सावकाश त्याचे दात घासले. दात घासलेला कुत्रा प्रयोगातून बाद, आणि बाद कुत्र्याला औषध द्यायचं कारणच उरत नाही.

"वाट लागली ना, बाई," मी पुटपुटलो.

"लागू दे. तू ते पाणी धर."

साहेबांनी कुत्र्याबरोबर बाईंनाही काढलं.

पुढं एका रविवारी मी पार्ल्याला त्यांच्या घरी गेलो. चार नंबर ठणठणीत बरा झाला होता. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि तो उंबऱ्याच्या आत बसून होता, कुणीतरी येऊन दार उघडेल म्हणून.

"ढकललं तरी पाऊल टाकत नाही," बाई म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दुसरीकडे कुठं नोकरी बघितलीत का?"

बाई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रोज सकाळी आंघोळ करते, साडी नेसते, डबासुद्धा भरते रे. आणि मग याच्या शेजारी येऊन बसते."