एक बांगडी मेणाला

रेडिओत काय जळलं ते आमच्या हिला नाकानं कळायचं. नई सडकेवर दुकान माझं, पाटीवर नाव माझं, नाक तिचं. मी तिला नाकवालीच म्हणायचो. मी शिकलो दुसरीपर्यंत, सेटबरोबरचे तारांचे इंग्रजी नकाशे मला वाचता येत नव्हते. त्या नाकावर आमचा संसार झाला.

तिचं सगळं ज्ञान चुलीपुढचं. कंडेन्सर गेला की विझल्या मेणबत्तीचा वास, कारण त्याला मेण चोपडलेलं असतं. रजिस्टन्स जळला की करपल्या रंगाचा. ट्रान्सफॉर्मर गेला की डांबराचा. म्हणायची, "भाजी लागली की दूध उतू गेलं, हे काय उठून बघावं लागतं?"

रियासतीचे दिवस ते. दुकानात परके पुरुष बसलेले, घरच्या बाईनं पुढं यायची रीत नव्हती. दुकानामागंच आमची खोली, मधे पडदा. मी सेट उघडून पडद्याजवळ चालू करायचो आणि ती आतून बांगड्या वाजवायची. मेणाला एकदा, रंगाला दोनदा, डांबराला तीनदा. मग मी कपाळाला आठ्या घालून, फार विचार केल्यासारखं करून, तेच गिऱ्हाइकाला सांगायचो.

माधवगंजातले मामासाहेब, पागेतले जुने अंमलदार, एकदा सेट घेऊन आले. मुलगा पलटणीबरोबर लढाईवर गेलेला, बातम्यांवर त्यांचा जीव टांगलेला. सेट लावला तर ट्रान्सफॉर्मर तव्यासारखा तापला. आतून बांगडी वाजली, एकदा.

मामासाहेब हसले. "क्यों मिस्त्री, चहा झाला वाटतं?"

मला लाज वाटली. बायकोच्या बांगडीवर याची कारागिरी चालते, असं नई सडकभर झालं असतं. म्हणून तापलेला दिसत होता त्यालाच धरून मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर गेला. आतून पुन्हा एकदाच वाजलं, जोरात. मी खोकलो.

ट्रान्सफॉर्मर मुंबईहून यायला महिना लागला. म्हातारा रोज येऊन उभा राहायचा. नवा बसवला, तोही तासाभरात जळला. मग सेट उलटा करून खाली पाहिलं, तर कंडेन्सरचं मेण वितळून ओघळलेलं. मूळ दुखणं तिथं होतं, त्यानंच ट्रान्सफॉर्मर तापत होता. मामासाहेबांना मी सांगितलं, मुंबईचा माल खोटा निघाला. पडद्याआड ती ऐकत होती.

जेवताना एवढंच म्हणाली, "तुम्हांला ऐकू आलं होतं ना?"

 दुसऱ्या दिवशी सेट उघडला, तर बांगडी वाजली. मी तिच्या जागी असतो तर नसती वाजवली.

गेल्या फाल्गुनात ती गेली. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. बांगड्याही तिच्याबरोबर गेल्या. आता मेणाचा वास मलाही ओळखता येतो. तरी सेट उघडला की हात थांबतो, कान मागं जातो.

मामासाहेब कधीच वारले. त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं, ते इथं लिहितो. मामासाहेब, त्या दिवशी चहा झाला नव्हता. कंडेन्सर गेला होता, आणि तिनं दोनदा सांगितलं होतं.