ताणकाट्यावरचे दोनशे ग्रॅम

गुरुत्वाकर्षणापुढे राजा आणि रंक सारखेच असतात. हे वाक्य माणिक सरांचं. वर्गात ते गंभीरपणे म्हणून झालं की सर पुढे जोडायचे, "फक्त काटा नीट पाहिजे." त्यांचा स्वतःचा नीट नव्हता. शाळेनं मोडीत काढलेला ताणकाटा त्यांनी घरी आणून दाराजवळच्या खिळ्याला टांगला होता. रिकामा असतानाही तो दोनशे ग्रॅम दाखवायचा.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला, "काका गेले." मी सरांच्या गावी, पेडगावला पोचलो. स्मशानातल्या भाषणांत एका पुढाऱ्यानं सरांना आभाळाएवढा माणूस म्हटलं. मी नुकताच खांदा देऊन आलो होतो. मला खरा आकडा माहीत होता.

आम्ही बरीच वर्षं एकाच शाळेत शिकवलं. ते विज्ञान, मी मराठी. चंद्राचा धडा आला की सर सासऱ्यांकडून एक करडू मागून आणायचे, पोत्यात घालून ताणकाट्याला लटकवायचे आणि सांगायचे, इथं सहा किलो, चंद्रावर हाच काटा एक किलो दाखवील. एकदा सासरे खिडकीतून बघत उभे होते. शेळ्या-मेंढ्या पाळण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"मंग मटन बी सहावा हिस्साच का, जावईबापू?"

"न्हाई मामा, मटन तेवढंच. तराजूत घातलं तर तिथंबी सहाच किलो भरंल. मापंबी हलकी व्हतेत ना."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "मंग तिथं इकायला तराजू न्यावा, न् घ्यायला हा काटा."

धडा पुरता समजलेला तो पहिला माणूस, असं सर पुढे कायम सांगत. मामा स्वतः मात्र कुठलाच काटा वापरत नसत. पोटाखाली हात घालून करडू उचलायचं आणि आकडा सांगायचा, ही त्या घरातली रीत.

मागच्या वर्षी सरांना पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन बघायला सांगितलं. सर मला घेऊन परभणीच्या मोंढ्यात जायचे आणि ओळखीच्या आडतीवर, धान्याच्या काट्यावर उभे राहायचे. अठ्ठावन्न, त्रेपन्न, सत्तेचाळीस... "चंद्राकडं निघालोय," ते म्हणायचे. "घरी अठ्ठावन्नच सांग. तुझ्या वहिनीला माझं खरं वाटत न्हाई, तुझं वाटतं." मी सांगत गेलो. वहिनी "बरं झालं, भावजी" म्हणून चहा टाकायच्या. शेवटच्या खेपेला रिक्षातून धरून उतरवावं लागलं. बेचाळीस भरले. चंद्रावर सात. त्या दिवशीही मी अठ्ठावन्नच सांगितलं.

परवा वहिनींकडे गेलो ते हे खोटं कबूल करायलाच. वाक्यं जुळवून नेली होती. "वहिनी, ते सरांचं वजन..."

"बेचाळीस," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर एक्केचाळीस."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"रोज सकाळी बाजंवरून मीच उचलून बसवायचे त्यांना. मला काटा कशाला लागतोय, भावजी?" मग पदरानं कपबशी पुसत राहिल्या... "तुमी दोघं खोटं ठरवून यायचे, तवा ते जरा हसत घरात शिरायचे. म्हणलं, ऱ्हाऊ द्या अठ्ठावन्न."

निघताना दाराशी थांबलो. ताणकाटा खिळ्याला तसाच आहे. त्याला काहीही अडकवलेलं नाही. दोनशे ग्रॅम दाखवतो.