पर्टिनंट

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमा करत नाही. रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांसारखे ते आपोआप साचतात. ठेवले कुणी, माहीत नसतं. टाकून द्यायची मात्र कुणाची छाती होत नाही. मी धुळ्यात एका सरकारी ऑफिसात एकोणतीस वर्षं कारकुनी केली. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण या किश्शांतली निम्मी माणसं अजून पेन्शन घेतात आणि संध्याकाळी माझ्याच रस्त्याने फिरायला येतात! पण त्या एका शब्दाने आम्हाला जे फिरवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. पुण्याहून नवे साहेब बदलून आले. माणूस सज्जन, कधी आवाज चढवला नाही. फक्त इंग्रजीचा भारी शौक. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून फाइल खाली आली, तिच्यावर लाल शाईत शेरा: ‘पर्टिनंट पेपर्स जोडून सादर करा.’

आमचे हेडक्लार्क म्हणजे नाना. सगळं ऑफिस त्यांना नानाच म्हणायचं. नानांनी चष्मा पुसला, शेरा पुन्हा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

“वसंतराव, पेपर्स कळलं. हे पर्टिनंट काय?”

मला तरी काय माहीत! साहेबांना विचारावं, तर पहिल्याच दिवशी अडाणी कोण ठरणार? शेवटी नानाच म्हणाले, “लेजर पेपर असतो, बटर पेपर असतो, तसा हाही असेल एखादा भारी पेपर. पुण्याकडे चालत असेल.”

झिपरू शिपायाला आग्रा रोडला युसूफभाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात पिटाळलं. युसूफभाईंचा एकच नियम होता, गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही.

झिपरू अर्ध्या तासाने हात हलवत परत.

“नाना, पर्टिनंट कालदिनच सरना म्हने. मंगळवारले येई!”

*

मंगळवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी शेजारच्या हायस्कुलातून डिक्शनरी मागून आणली. चांगली उशीएवढी जाड. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. नानांनी बोट फिरवत फिरवत शब्द गाठला. मी मोठ्याने वाचलं, “पर्टिनंट म्हणजे रिलेव्हंट.”

“बरं. आता रिलेव्हंट म्हणजे?”

परत पानं उलटली. रिलेव्हंट सापडला. पुढे लिहिलेलं, पर्टिनंट!

नानांनी शांतपणे डिक्शनरी मिटली.

“हे पुस्तक सरकारी माणसाने लिहिलेलं दिसतं,” ते म्हणाले. “या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून या टेबलावर!”

चार दिवसांनी हायस्कुलाचे इंग्रजीचे सर डिक्शनरी परत न्यायला आले, तेव्हा त्यांनी उलगडा केला. “अहो, समर्पक. मुद्द्याला धरून असलेलं.” तोवर आम्ही ती फाइल ऑफिसात होते नव्हते ते सगळे कागद जोडून वर पाठवली होती. त्यात कँटीनच्या चहाची यादीसुद्धा गेली होती.

*

अर्थ कळला तो आम्हा टेबलावाल्यांना. झिपरूपर्यंत तो पोचायचा राहिला. झिपरू पन्नाशीचा, बोलणं पक्कं खान्देशी, आणि कान जरा जड.

एकदा साहेबांनी घंटी वाजवली. कुठल्याशा नकाशाबद्दल विचारायचं होतं. म्हणाले, “झिपरू, जरा पर्टिनंट माणसाला बोलाव.”

झिपरू गेला तो गेलाच. वीस मिनिटांनी साहेबांच्या दारात हजर. मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली सखूबाई.

“साहेब, परटीण उनी!”

साहेब तिच्याकडे बघतात, ती साहेबांकडे बघते. ती बिचारी इस्त्रीचं काम अर्धवट टाकून आली होती. साहेबांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी खुर्चीवरचा कोट काढून तिच्या हातात दिला. म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत द्या.”

नकाशाचं काम त्या दिवशी झालंच नाही.

*

शब्दाचं असं असतं, एकदा तोंडात बसला की निघत नाही. माझंच सांगतो. सासरे रावेरहून आले होते. त्यांची केळीची बाग. जेवताना बागेची गोष्ट सुरू झाली ती ट्रॅक्टरवर गेली, तिथून भावकीवर, तिथून कुणाच्या तरी म्हशीवर. मी विचारलं होतं एवढंच, की मुक्काम किती दिवस?

न राहवून म्हणालो, “आबा, हे सगळं ठीक. पण ते पर्टिनंट नाही.”

आबांनी घास थांबवला. खूप विचार केला.

“पर्टिनंट? तो वाण आमच्या जमिनीला मानणार नाही, जावईबापू. आम्ही आपली बसराईच लावतो!”

*

आता रामदासचं सांगतो. हे सांगताना मला अजून हसावं की काय, कळत नाही.

रामदास आमचा जीप ड्रायव्हर. नऊ वर्षं रोजंदारीवर. मूळचा पारोळ्याकडचा. बोदवडच्या एका मुलीशी त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं, पण मुलीचे वडील अडून बसले होते: “आधी परमनंट व्हा, मग हळद.” दोन वर्षं झाली, मुलगी थांबली होती.

रामदासने कायम करण्याबद्दल अर्ज दिला. साहेबांनी त्यावर शेरा मारला: ‘पर्टिनंट. चर्चा करावी.’ म्हणजे, मुद्दा रास्त आहे, बोलू. साहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. फाइल नेता नेता कुणीतरी वाचलं आणि ओरडलं, “रामदास, परमनंट!”

तासाभरात पेढे! दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पारोळ्याहून धुतलेला सदरा घालून आले आणि ऑफिसच्या पायरीला हात लावून पाया पडले. चौथ्या दिवशी बोदवडहून तारीखच आली.

त्यानंतर ती फाइल माझ्या टेबलावर आली. मी शेरा वाचला आणि तसाच उठलो. नानांना दाखवला. नानांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

“आता सांगायचं कुणी? रामदासला? त्याच्या बापाला? की त्या पोरीला?”

आम्ही दोन दिवस ती फाइल नुसती या ड्रॉवरमधून त्या ड्रॉवरमध्ये ठेवत होतो. समोरून रामदास गाणं म्हणत जीप पुसायचा. तिसऱ्या दिवशी नाना उरलेला एक पेढा कागदात घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी पाठोपाठ.

“काय निमित्त, नाना?”

“साहेब, रामदास परमनंट झाल्याचा.”

“पण मी तर...” साहेबांनी फाइल पाहिली. स्वतःचं अक्षर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेढा अर्धा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, “लग्न कधी आहे?”

त्याच दुपारी साहेब स्वतः कागद घेऊन वरच्या ऑफिसात गेले. मग परत गेले. मग पुन्हा गेले. ऑर्डर निघाली तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. बोदवडच्या मंडळींना आजतागायत कुणी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!

*

आणि शेवटी नानांचा किस्सा. रिटायर व्हायला दोन महिने होते. इन्स्पेक्शनला फार वरचे एक साहेब आले. त्यांच्यापुढे आमचे साहेबसुद्धा उभे. पण मोठे साहेब रजिस्टरं बघायचं सोडून टेबलाटेबलावर गप्पा मारत हिंडू लागले आणि मालतीबाईंसमोर थांबले. मालतीबाई आमच्या टायपिस्ट. चाळिशीच्या, शांत. वडील गेल्यावर तीन भावंडांची शिक्षणं त्यांनी एकटीने केली होती.

“अजून मिसच? का हो? कुणी पसंत केलं नाही, की काही दोष वगैरे?”

मोठे साहेब स्वतःच हसले. त्यांच्याबरोबरचे दोघं हसले. मालतीबाईंनी मान खाली घातली. बोटं टाइपरायटरवर होती, पण हलत नव्हती.

तेवढ्यात नाना उठले. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांपुढे ‘हो साहेब’ याखेरीज शब्द न काढलेला माणूस. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “सर, युवर क्वेश्चन इज इम्पर्टिनंट!”

मोठ्या साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. रजिस्टर मागवलं, सही केली आणि चहा न घेता गाडीत जाऊन बसले.

आम्हाला काहीच कळेना. एवढं काय झालं? पॉसिबलचं इम्पॉसिबल, तसं पर्टिनंटचं इम्पर्टिनंट. प्रश्न इन्स्पेक्शनला धरून नाही, एवढंच तर म्हणाले नाना!

आमचे साहेब घाम पुसत नानांजवळ आले.

“नाना, अहो, काय बोलून बसलात! तुम्हाला इर्रेलेव्हंट म्हणायचं होतं. इम्पर्टिनंट म्हणजे उद्धट, आगाऊ!”

नानांनी कोटाचं बटण काढलं, खुर्चीत बसले आणि पुढची फाइल ओढली.

“मंग बराबरच शे ना, साहेब!”