सालीतलं औषध

नागपूरला मी उंदरांच्या यकृतावर पीएच.डी. केली. आजार शरीरात काय करतो एवढंच त्या वर्षांत बघितलं. तो घालवायचा कसा, हा प्रश्न माझा नव्हता. साठ सालानंतर एका औषध-संशोधन संस्थेने कळंबजवळ दोन खोल्या घेतल्या. रानातल्या झाडपाल्यात औषध सापडतं का, हे तिथे तपासायचं होतं. मी अर्ज केला आणि निवड झाली. बाबा दारव्ह्याला कचेरीत कारकून होते. म्हणाले, "एवढी शिकली, अन् आता पाला वाळवाले जातं?"

खोलीत ससे, उंदीर, स्टोव्ह, काचेची भांडी आणि मी. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. बाजारात गेले की पहिलं वाक्य घशातच अडकायचं. बोलायला एकच माणूस होतं. जवळच्या बंजारा तांड्यातली एक बाई साली, मुळ्या आणून द्यायची. तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला तेच म्हणे. ती ओट्यावर बसून साल सोलायची, मी चहा करायची.

एका रानवेलीच्या सालीने सशांच्या रक्तातली साखर उतरली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा उतरली. हे सांगायला माझ्याजवळ दुसरं कोण होतं? मी याडीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली. नवऱ्याला साखरेची बिमारी होती, पायाची जखम चिघळली होती. "बाई, त्याले द्या ना ते औषध."

"ते अजून औषध नाही, याडी. माणसाला चालतं की नाही, माहीत नाही. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात ने, तिथे इन्सुलिन आहे. मी येते सोबत."

"साल आमी आणली," ती म्हणाली, "अन् औषध आमाले नाही?"

तिने नवऱ्याला यवतमाळला नेलं. मला सोबत येऊ दिलं नाही. त्याचा पाय कापावा लागला, पण जीव वाचला.

मधल्या काळात, रोज घेतल्यावर अपाय होतो का ते बघायला, मी त्याच सालीचा अर्क उंदरांना देत होते. काही आठवड्यांनी ते मरू लागले. चिरून पाहिलं तर यकृत पिवळं, ठिसूळ. असं यकृत मी नागपूरला शेकडो वेळा पाहिलं होतं, त्यामुळे साल विषारी आहे यात शंकेला जागा नव्हती. संस्थेने ते काम बंद केलं.

मी तांड्यात गेले, याडीला सगळं सांगितलं. ते औषध दिलं असतं तर तिचा नवरा वाचला नसता, हेही. तिने शांतपणे ऐकलं, पाणी दिलं. म्हणाली, "बरं झालं, नाही देल्लं." पण ओट्यावर ती परत आली नाही. साली आता तिचा दीर आणून टाकायचा, दारातूनच जायचा.

माझं बरोबर होतं. त्या खोलीत हे मी कोणाला सांगणार होते? मी पुढची साल दळायला घेतली.