बेहेरे आणि कुंटे यांची बेरीज

पडदा वर जातो, तेव्हा बदलापुरात कात्रपमधल्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचं ऊन थेट जेवणाच्या टेबलावर आलेलं आहे. टेबलावर लॅपटॉप, शेजारी निवडायला काढलेली मेथी, आणि त्या दोहोंच्या मध्ये बनियनवर बसलेले आपले नायक, हेमचंद्र. वय सदुसष्ट, आवाज मात्र खणखणीत!

आनंदनगरच्या एका औषध कारखान्याचं ग्रंथालय त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळलं. निवृत्त झाले, तसं पुतणी राजसीनं त्यांना पुन्हा कामाला जुंपलं. ती पुण्यात संशोधन करते. संसर्गजन्य रोगांच्या लसींवर जगात कुणी, कधी, किती लिहिलं याची मोजदाद. साठ हजारांवर शोधनिबंध! मोजतो कॉम्प्युटर, पण दोन नावांमागे माणूस एकच आहे का, हे त्याला ओळखता येत नाही. तेवढं काम काकांकडे. कोविडच्या वर्षी आलेख कसा आभाळाला भिडला, हे ते पत्नीला अशा थाटात सांगत की जणू लस त्यांनीच शोधली.

त्या सकाळी कॉलऱ्याच्या यादीत त्यांना एक पत्ता दिसला आणि ते ताडकन उठले.

"मीनल! कुळगाव, बदलापूर! आपल्या गावची बाई निघाली!"

श्रीमती एस. एम. कुंटे. सतरा निबंध. त्यांच्याबरोबर लिहिणारे तिघे सहलेखक आणखी एका बाईंच्या निबंधांवरही होते. कुमारी एस. डी. बेहेरे, चौदा निबंध. बेहेरे अठ्ठ्याण्णव साली गप्प झाल्या आणि नव्व्याण्णवपासून कुंटे लिहू लागल्या. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या पहिल्या शंभरांच्या यादीत यायला पंचवीस निबंध हवे होते. दोघी बाहेर.

"एकच बाई आहे," त्यांनी राजसीला फोन केला. "लग्न झालं तिचं!"

"काका, अंदाज नाही चालत. त्यांचं लेखी उत्तर हवं. आणि यादी आज संध्याकाळी छापायला जातेय."

निबंधावरच्या जुन्या पत्त्यावर ईमेल पाठवला, तो आल्या पावली परत आला. एकच पुस्तक अर्धं एका कपाटात आणि अर्धं दुसऱ्यात, तसं काहीसं त्यांना झालं. मेथी निवडता निवडता मीनलताई म्हणाल्या, "भाजणीवाल्या संजीवनी कुंटे असतील. माहेरच्या बेहेरेच त्या. हळदीकुंकवाला मी विचारलं होतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही तासभर जगाला विचारताय. मला कुठे विचारलंत?"

अर्ध्या तासात हेमचंद्र कुळगावात संजीवनीबाईंच्या स्वयंपाकघरात. भाजणीचा खमंग वास, आणि समोर हात पुसत उभ्या साठीच्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"राहू द्या हो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा प्रयोगशाळा सुटली. वीस वर्षं झाली. आता कुंटेबाईंची भाजणी लोकांना माहीत आहे. त्या बेहेरेबाईंना कशाला उठवता?"

हेमचंद्रांचा चेहरा पडला. कागदाची घडी घालत ते पुटपुटले, "तुमची मर्जी. पण बाई, एकतीस निबंध म्हणजे..."

"बत्तीस."

"काय?"

"बत्तीस. एक ढाक्याच्या मासिकात आला होता. तो धरला नाहीत वाटतं?" बाईंनी गॅस बंद केला. "काय हो, ग्रंथपाल ना तुम्ही? अशी मोजणी करतात?"

"चुकलो!" हेमचंद्रांनी दोन्ही कान पकडले आणि असे काही हसले की बाईंनाही हसू आवरेना. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. ढाक्याचं मासिक निघालं, पान सदतीस. मग बाईंनी कागद ओढून घेतला, दोन्ही नावं लिहिली, खाली 'ही मीच' असं लिहून ठसठशीत सही केली. फोटो पुण्याला गेला.

दहा मिनिटांत राजसीचा फोन. "काका, एकसष्टाव्या! पहिल्या शंभरांत! आता पोलिओची यादी पाठवू? तिथेही अशा बायका असणार!"

एव्हाना ताटात लोण्याचा गोळा विरघळत होता आणि संजीवनीबाई दुसरं थालीपीठ थापत होत्या.

"असणारच! सगळ्यांना माहेरचं नाव विचारू. पण उद्या. आत्ता ठेव फोन, थालीपीठ गार होतंय."