फिरवून राहिलो

माझे बाबा वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीचे आणि नोकरी कोकणातल्या दीपगृहावर. वर्षातून दोनदा रजेवर यायचे. गल्लीतल्या बाया मला चिडवायच्या, "काय वं, तुहे बाबा समुद्रात कापूस वेचतात काय?" त्याच नोकरीच्या पगारावर मी शहरात खोली करून शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले आणि आज अकोल्यात मराठी शिकवते. म्हणून हा राग लिहून काढणं मला भाग आहे.

बाबा आता निवृत्त आहेत. गेल्या महिन्यात त्या दीपगृहाच्या इतिहासाची पुस्तिका टपालानं घरी आली. तिथं किनाऱ्यालगत काळे खडक आहेत. भरतीला दिसत नाहीत आणि गलबतं फोडतात. आधी कोळी टेकडीवर जाळ करायचे, मग तेलाचा दिवा आला, मग विजेच्या यंत्रानं फिरणारं मोठं भिंग. आता सगळं आपोआप चालतं. पुस्तिकेत भिंगाच्या काचेवर दोन पानं होती, फीत कापायला आलेल्या साहेबांचे सहा फोटो होते. बाबांवर एवढंच: "वादळात यंत्र बंद पडले असता, कर्मचाऱ्याच्याच नोंदीनुसार, हाताने भिंग फिरवायचे राहिले. सुदैवाने दुर्घटना टळली."

प्रत्येक दीपगृहाची खूण ठरलेली असते. हे दर दहा सेकंदांनी दोन झोत टाकतं. नावाडी सेकंद मोजून ओळखतात, आपण कुठल्या खडकांजवळ आहोत ते. भिंग थांबलं की दिवा पेटलेला असूनही खोटा ठरतो. माझ्या बाबांनी दिवा खोटा पाडला, असं छापलं होतं.

मी बाबांना विचारलं, "भिंग थांबलं होतं?"

"थांबू कसं देईन? पार उजाडेपर्यंत फिरवलं, आकडे म्हनत म्हनत. वहीत लिवलं हाय ना."

पुस्तिकेच्या संपादकांकडून मी वहीच्या पानाचा फोटो मागवला. एका हातानं भिंग ढकलत दुसऱ्या हातानं लिहिलेलं वाकडं अक्षर: "यंत्र बंद. हातानं भिंग फिरवून राहिलो."

वऱ्हाडात याचा अर्थ एकच. फिरवतो आहे. तिकडे कोणीतरी बाबांचं वाक्य शुद्ध केलं होतं.

मी फोन लावला.

"मॅडम, आम्ही फक्त भाषा तपासली," संपादक म्हणाले. "फिरवून राहिलो म्हणजे राहून गेलं, असंच ना?"

"नाही. वऱ्हाडातल्या एका माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं."

"पण प्रमाण मराठीत..."

"भिंग प्रमाण मराठीत फिरवलं नव्हतं, साहेब."

बाबा शेजारीच बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर हसले. "तुले एवढा राग काहून आला? तू बी तं पोरायच्या वह्यांत हेच खोडून राहिली ना?"

बारा वर्षं मी लाल पेनानं 'करून राहिलो' खोडत आले आहे. मुलांना खरंच काय म्हणायचं होतं, ते मी तरी कुठं विचारलं?

काल संपादकांनी दुरुस्तीच्या चिठ्ठीचा मजकूर पाठवला. उरलेल्या प्रतींत चिकटवणार आहेत. बाबांचं वाक्य जसंच्या तसं, खाली अर्थ. त्याच्याही खाली मात्र जुनीच ओळ: "सुदैवाने दुर्घटना टळली."

बाबांचा उजवा हात त्या रात्रीपासून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना अजून आईला बाही धरावी लागते. त्याला हे लोक सुदैव म्हणतात.

"राहू दे वं आता," बाबा म्हणाले.

नाही राहू देणार. सकाळपासून संपादक फोन उचलत नाहीत. मी करून राहिली.